वंश, घर आणि कॅरॅक्टर: टेबलटॉप खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) किंवा पाथफाइंडर, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकाने एक कॅरॅक्टर (पात्र) घेऊन गोष्ट खेळायची असे खेळ, नव्याने खेळायला बसलेल्यांची गाडी बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडते, कॅरॅक्टरसाठी एल्फ, ड्वार्फ अशा काल्पनिक वंशांतला कुठला घेऊ, आणि घेतला तर फरक काय पडतो. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं एका बाजूला का झुकतात ते कळेल: कॅरॅक्टर कुठल्या वंशात जन्मलं यापेक्षा ते कोणाच्या घरात वाढलं हे आधी ठरवावं, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

वंशाचं काय आणि संगोपनाचं काय, हे ओळखायचं कसं?

जे शरीराबरोबर येतं ते वंशाचं. अंधारात दिसणं, तोंडातून आग काढणं, विष कमी बाधणं. जे कोणी शिकवलं किंवा रोज बघून अंगवळणी पडलं ते घराचं, म्हणजे भाषा, हत्यार, देव, जेवायची पद्धत, कोणासमोर वाकायचं आणि कोणाशी बोलायचं नाही ते. शंका असेल तर एवढंच विचारा, हे बाळ जन्मल्या दिवशी दुसऱ्या गावात नेऊन ठेवलं असतं तरी त्याला हे आलं असतं का? हो असेल तर वंश, नाहीतर घर.

रूलबुकात हा फरक आधीपासून होता का?

नव्हता, आणि हे माहीत असलेलं बरं कारण जुनी पुस्तकं अजून खेळली जातात. डी अँड डी 1974 ला आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं, आणि त्यात माणूस सोडून बाकीच्यांना लेव्हलची, म्हणजे कॅरॅक्टर खेळत खेळत ज्या पायऱ्या चढतं त्यांची, मर्यादा होती. 1981 च्या बेसिक-एक्स्पर्ट सेटमधे तर एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग हे स्वतःच क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचा पेशा, होते! म्हणजे माणूस फायटर होईल, चोर होईल, पुजारी होईल, पण ड्वार्फ झाला की तो फक्त ड्वार्फ, त्याचा धंदा, त्याचं शिक्षण, सगळं जन्मातच आलं. हाफलिंग लेव्हल 8 ला थांबायचा, एल्फ 10 ला, ड्वार्फ 12 ला. मधे 1978 च्या अॅडव्हान्स्ड प्लेयर्स हँडबुकात वंश आणि क्लास वेगळे झाले खरे, पण तिथेही मर्यादा होत्याच, आणि स्त्री पात्रांच्या ताकदीला वेगळी कमाल मर्यादा होती, जी आज वाचताना त्रास होतो.

लेव्हलच्या मर्यादा 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत गेल्या. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने वंशामुळे स्टॅट (ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे) कमी व्हायचे ते बंद केलं. 2014 ला पाचवी आवृत्ती आली आणि तिने बॅकग्राउंड, म्हणजे कॅरॅक्टर आधी कुठे वाढलं आणि काय करायचं ते, प्रत्येकाला दिलं, दोन स्किल, थोडी टूल्स किंवा भाषा, एक फीचर, आणि त्यासोबत स्वभाव, आदर्श, बंध, दोष असे चार तक्ते. माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं ती आहेत.

पण गोंधळ तिथेही राहिला. 2014 चा कुठलाही हाय एल्फ लाँगस्वोर्ड चालवतो. कुठलाही ड्वार्फ बॅटलअॅक्स चालवतो. आता ही हत्यारं, कोणीतरी हातात दिली, कोणीतरी अंगणात उभं करून सराव करून घेतला, तेव्हाच येणार ना? ते शिक्षण रक्ताच्या रकान्यात लिहिलं होतं.

2020 नंतर वंशावरून एवढी चर्चा कशामुळे झाली?

2020 च्या जूनमधे डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने जाहीर निवेदन काढलं, की ऑर्क आणि ड्राऊ (एल्फांचाच एक प्रकार) या वंशांना ज्या तऱ्हेने दाखवलं जायचं त्यात खऱ्या जगातल्या लोकांबद्दलच्या जुन्या वाईट समजुती डोकावतात आणि ते बदलायचंय. त्याच वर्षी टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग हे पुस्तक आलं, त्यात वंशाचे स्टॅट बोनस हवे तिथे हलवायची मुभा मिळाली. 2022 च्या डिसेंबरात रेस हा शब्द सोडून स्पीशीज वापरणार असं सांगितलं, आणि 2024 च्या प्लेयर्स हँडबुकात स्टॅट बोनस वंशातून काढून थेट बॅकग्राउंडला दिले. बॅकग्राउंड तीन स्टॅट सांगतं, त्यातल्या एकाला 2 आणि दुसऱ्याला 1, किंवा तिघांना एकेक. सोबत एक ओरिजिन फीट (फीट म्हणजे कॅरॅक्टरला मिळणारी एखादी खास करामत), दोन स्किल, एक टूल.

पण एका आकड्याने एवढं काय बिघडतं?

आकड्याने कमी आणि आकड्याच्या भीतीने जास्त. 2014 चा हाफ-ऑर्क (अर्धा ऑर्क, अर्धा माणूस) विझर्ड घ्या, म्हणजे जादूगार, ज्याला बुद्धी लागते. स्टॅटमधे 27 पॉइंट वाटून बुद्धी जास्तीत जास्त 15, वंशाकडून तिथे काही नाही, म्हणजे मॉडिफायर (डाइसच्या आकड्यात मिळवायचा आकडा) 2. शेजारचा नोम वंशाचा विझर्ड 15 वर 2 घेऊन 17 ला, मॉडिफायर 3. फरक एकाचा, वीस बाजूंच्या डाइसवर 5 टक्के. खेळताना जाणवेल न जाणवेल एवढा. पण नवा खेळाडू यादी बघतो, त्याला वाटतं आपण चूक करतोय, आणि तो मनातला हाफ-ऑर्क सोडून नोम घेतो. असे किती हाफ-ऑर्क विझर्ड टेबलवर आलेच नाहीत, ते बघितलं की वाईट वाटतं.

मग 2024 ने प्रश्न सुटला?

अर्धा. कारण साचा रक्तातून निघाला आणि घरात जाऊन बसला. 2024 चं फार्मर बॅकग्राउंड बघा, ते ताकद, चिवटपणा आणि शहाणपण या तिघांनाच बोनस देतं, बुद्धीला नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला विझर्ड व्हायचं असेल तर तोच तोटा जो आधी हाफ-ऑर्कला होता. सेज (विद्वान) किंवा स्क्राइब (लेखनिक) घेतलं तर बुद्धी मिळते, म्हणजे पुस्तकांच्या घरात वाढलेला हुशार आणि शेतात राबलेला दणकट. हे मला मुळीच पटत नाही, आणि ज्यांच्या घरात आजोबा शेतात आणि नातू कॉलेजात असा प्रवास झालाय त्या कुणालाच पटू नये.

पाथफाइंडर 2 ने हे 2019 लाच जास्त नीट केलं होतं. तिथे अँसेस्ट्री (म्हणजे वंश), बॅकग्राउंड, क्लास अशा तीन पायऱ्या, आणि बॅकग्राउंडचे दोन बूस्ट, म्हणजे स्टॅट वाढवायच्या संधी, असतात, एक ठरलेल्या दोन स्टॅटपैकी आणि दुसरा पूर्ण मोकळा. फार्महँड (शेतमजूर) घेतला तर एक बूस्ट चिवटपणा किंवा शहाणपणाला आणि दुसरा खुशाल बुद्धीला टाका. वर शेतीचं ज्ञान स्किल म्हणून वेगळं मिळतं, म्हणजे विझर्ड झाला तरी पेरणी कधी करायची ते तो विसरलेला नाही. डी अँड डीत हेच हवं असेल तर डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, बोलून कस्टम बॅकग्राउंड करून घ्या, चांगला डीएम नाही म्हणणार नाही.

स्टॅट गेले, मग वंशाला उरलं काय?

भरपूर उरलं, उलट आता जे उरलंय ते जास्त मजेदार आहे. एल्फचं ट्रान्स घ्या. एल्फ झोपत नाही, चार तास ध्यानासारखं बसतो की झालं. लोक याला पहाऱ्याची सोय समजून सोडून देतात. पण विचार करा, माणसांच्या गावात वाढलेलं एल्फ पोर, रात्री सगळं घर घोरतंय आणि हे अंधारात डोळे उघडे ठेवून पडलंय, रोज, बालपणभर. त्याला गावातली प्रत्येक कुत्री माहीत असणार, रात्री कोण कोणाच्या दारात येतं ते माहीत असणार, आणि आईला आपल्यामुळे झोप लागत नाही हेही माहीत असणार. एल्फांच्या गावात वाढला असता तर त्या वेळी सगळेच जागे. शरीराची गोष्ट तीच, घर बदललं की आयुष्य बदललं.

दुसऱ्या वंशाच्या घरात वाढलेलं कॅरॅक्टर करायचंय, कसं करू?

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला कुठे जावं लागत नाही, कर्ण आहेच. कवचकुंडलं जन्माची, ती कुंतीजवळ राहिला असता तरी अंगावर असती आणि अधिरथ-राधेच्या घरी गेला तरी होतीच. पण राधेय हे नाव, सूताच्या घरची माया, भर आखाड्यात कुळ विचारल्यावर खाली गेलेली मान, आणि सगळं खरं कळल्यावरही दुर्योधनाची साथ न सोडणं, हे घराचं आणि जगाने त्या घराला दिलेल्या वागणुकीचं. नियमांच्या भाषेत पहिली गोष्ट स्पीशीज ट्रेट आणि बाकी सगळं बॅकग्राउंड.

आमच्या टेबलवर एकीने 2024 च्या नियमांनी ड्वार्फ केली होती, बेर्ना नाव, बंदरावरच्या माणसांच्या घरात वाढलेली, बॅकग्राउंड सेलर (खलाशी). सेलरला ताकद, चपळाई, शहाणपण मिळतं, चिवटपणा नाही, म्हणजे जुन्या साच्यातल्या ड्वार्फपेक्षा हातपाय हलके, तोल सांभाळणारे. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या कॅरॅक्टरांची टोळी, ड्वार्फांच्या खाणीवर पोचली तेव्हा दारातल्या म्हाताऱ्याने तिला रिवाजाप्रमाणे विचारलं, कुठल्या खडकाची? याचं उत्तर आजीपासून तीन पिढ्यांच्या खाणींची नावं घेऊन द्यायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. तिने बापाच्या होडीचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, माणसाळलीस गं पोरी. आणि त्यानंतर पुढच्याच बोगद्यात तिने भिंतीला तळहात लावला, स्टोनकनिंग ही ड्वार्फांची जन्मजात शक्ती वापरली, दगडातून 60 फुटांपर्यंतची हालचाल तिला अंगात जाणवली, पलीकडे चौघं दबा धरून उभे होते. हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं, बंदरावर दगड होता कुठे एवढा! ती खेळाडू जागेवरच थांबली आणि म्हणाली, बेर्नाला हे आवडलेलं नाही, आपल्या हाताला आपल्याआधी काहीतरी कळतं हे तिला आवडलेलं नाही. तिथून पुढे बेर्ना वेगळीच खेळली गेली.

पाथफाइंडरमधे यासाठी अॅडॉप्टेड अँसेस्ट्री नावाचं जनरल फीट आहे, ज्या लोकांत वाढलात त्यांचे फीट घेता येतात, फक्त शरीरावर अवलंबून असलेले नाही. पण जनरल फीट साधारण लेव्हल 3 ला मिळतं, त्यामुळे बालपण तिसऱ्या लेव्हलला उगवतं हे जरा विचित्र वाटतं. मी असतो तर पहिल्याच लेव्हलला फुकट देतो.

हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क गेले का?

2024 च्या हँडबुकातल्या दहा स्पीशीजमधे ते नाहीत, ऑर्क मात्र आलाय. 2014 चे नियम घेऊन खेळायला हरकत नाही. पाथफाइंडरने 2023 च्या प्लेयर कोअरमधे त्यांना आयुव्हारिन आणि ड्रोमार अशी नावं देऊन कुठल्याही अँसेस्ट्रीला जोडता येतील असं केलं, म्हणजे ड्वार्फ आणि एल्फ यांचं पोरही चालतं. डॅगरहार्ट या दुसऱ्या खेळात, जो 2025 ला आला, प्रत्येक अँसेस्ट्रीला दोन फीचर असतात, मिश्र कॅरॅक्टरने एकाचं पहिलं आणि दुसऱ्याचं दुसरं घ्यायचं. सुटसुटीत आहे. पण नियम कुठलाही असो, आई कुठली आणि बाप कुठला यापुरतं थांबू नका, दोघांपैकी कोणाच्या माहेरी-गावी सण साजरे व्हायचे ते ठरवा.

ऑर्क जन्मतःच दुष्ट असतात ना?

नाही. काही जगांत तसं लिहिलेलं होतं, सगळ्यांत कधीच नव्हतं. डी अँड डीच्या 2004 च्या एबेरॉन या जगात ऑर्क हे जगाला राक्षसी शक्तींपासून वाचवणाऱ्या जुन्या ड्रुइडांचे (निसर्गपूजक पुजाऱ्यांचे) वारसदार आहेत, गोब्लिनांचं एकेकाळी मोठं साम्राज्य होतं. 2016 च्या व्होलोज गाइडमधे ऑर्कची बुद्धी 2 ने कमी व्हायची, 2019 च्या एबेरॉनच्या पुस्तकात ते काढलं. आणि 2024 च्या नियमांसोबतच्या मॉन्स्टर मॅन्युअलमधे ऑर्कला राक्षस म्हणून वेगळं पानच नाही, डाकू हवा असेल तर डाकूचं पान वापरा, तो ऑर्क असेल नाहीतर माणूस.

डीएमला माझं सांगणं, ऑर्क टोळी गावावर चाल करून येते तेव्हा ती का येते याचं उत्तर तयार ठेवा. चराई गेली, धरण फुटलं, सरदाराने मुलं ओलीस ठेवली, काहीही. रक्त हे उत्तर दिलंत की खेळाडूंना विचारायला काही राहत नाही आणि मग फक्त डाइस टाकायचे राहतात.

आमच्या डीएमने ड्वार्फांच्या कुळांत जातीसारखी उतरंड ठेवलीय, चालेल का?

आधी विचारून, सगळ्यांच्या संमतीने, सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत. आपल्या टेबलांवर हा विषय फक्त कल्पनेचा नसतो. जन्मावरून माणसाची अक्कल, लायकी आणि धंदा ठरतो ही गोष्ट इथे लोकांनी सोसलीय, अजून सोसतात, आणि समोर बसलेल्याच्या घरात काय घडलंय ते तुम्हाला माहीत असतंच असं नाही. कोणी नको म्हणालं तर कारण न विचारता काढून टाका.

ठेवलंत तर दोन गोष्टी पाळा. उतरंड ही ड्वार्फांनी बनवलेली असू द्या, ती खरी आहे असं नियमांनी सिद्ध करू नका, म्हणजे खालच्या कुळाला कमी बुद्धी वगैरे अजिबात नको. आणि तिच्याविरुद्ध उभं राहिलेलं कोणीतरी जगात आधीपासून असू द्या, पार्टी येऊन सोडवेपर्यंत सगळे गप्प बसलेले दाखवू नका, कारण खरे लोक तसे बसत नाहीत.

मराठीतून खेळताना ड्वार्फाला कोल्हापुरी, हाफलिंगला मालवणी असं बोलवलं तर?

बोली वंशाला देऊ नका, जागेला द्या. बंदरावरचे सगळे एकसारखे बोलतात, माणूस असो की टीफ्लिंगसारखा दुसरा वंश, डोंगरातले वेगळं बोलतात, दरबारात तिसरंच. तेवढ्याने जग खरं वाटायला लागतं आणि कोण कुठे वाढलं हे तोंड उघडताच कळतं. आणि जी बोली तुमच्या घरात किंवा कानावर नाही ती हशा पिकवायला वापरू नका, टेबलवर मालवणी घरातला कोणी असेल तर त्याला विचारा, तो जे बोलेल ते तुमच्या नकलेपेक्षा शंभरपट भारी असेल.

घराला सगळ्यात जास्त महत्त्व देणारे खेळ कुठले?

रूनक्वेस्ट, डोळे झाकून. मूळ खेळ 1978 चा, ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरान्था जगातला, आणि 2018 च्या आवृत्तीत कॅरॅक्टर तुमच्या आजी किंवा आजोबांपासून सुरू होतं. आजोबा कुठल्या लढाईत होते, तिथे काय झालं, आई पुढे कोणाविरुद्ध लढली, वर्ष-वर्ष करत डाइस टाकत खाली यायचं, आणि त्यातून तुम्हाला वैर, निष्ठा, प्रेम मिळतं, ज्यांना आकडे असतात आणि खेळात ते वापरावे लागतात. कॅरॅक्टर तयार होईपर्यंत तुम्हाला कोणाचा राग येतो हे कळलेलं असतं. दुसरं काही नको मग.

स्टॅफर्डचंच पेंड्रॅगन, 1985 चं, त्याच्या पुढे जातं. तिथे तुमचा सरदार लग्न करतो, म्हातारा होतो, मरतो, आणि तुम्ही त्याचा मुलगा म्हणून पुढे खेळता, बापाच्या कीर्तीचा दहावा हिस्सा वारशात घेऊन. बर्निंग व्हीलमधे जन्मापासूनचे आयुष्याचे टप्पे निवडत यायचं, आणि एल्फांना दुःख, ड्वार्फांना लोभ, ऑर्कांना द्वेष असा एकेक वाढत जाणारा आकडा असतो. ते फार ताकदीने लिहिलंय पण ऑर्कच्या वाट्याला द्वेषच येतो हे मला खटकतं.

डॅगरहार्टची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यात अँसेस्ट्रीशेजारी कम्युनिटी असते, एकूण नऊ, आणि त्यातल्या अंडरबोर्नना, म्हणजे जमिनीखाली वाढलेल्यांना, कमी उजेडात लपायला आणि बघायला फायदा मिळतो. डी अँड डीत अंधारात बघणं डोळ्यांचं, इथे सवयीचं. भुयारात वाढलेल्या साध्या माणसालाही ते येतं.

बॅकस्टोरी किती लिहू?

अर्धं पान. राजाचा खून, जळलेलं गाव, हरवलेली तलवार हे नंतर. आधी हे लिहा: तुम्हाला कोणी वाढवलं, त्या घरात कशाला घाबरायचे, काय केल्यावर ओरडा बसायचा, आणि घर सोडताना कोणाचा निरोप घेतला नाही. नावं द्या. त्यातलं एक नाव डीएम उचलतो आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला ते माणूस बनून दारात येतं.

एल्फ शंभर वर्षांचा आणि तरी लेव्हल 1, हे पटतच नाही. काय करायचं?

2014 च्या पुस्तकाप्रमाणे एल्फ शंभरीच्या आसपास स्वतःला मोठा म्हणवतो आणि साडेसातशेपर्यंत जगतो, ड्वार्फ पन्नाशीपर्यंत पोरगाच आणि आयुष्य साधारण साडेतीनशे. शंभर वर्षं तो तलवारीचा सराव करत होता असं धरलं तर लेव्हल 1 हास्यास्पद वाटेल, पण तसं धरायचं कशाला? एल्फांच्या घरात घाई नसते, एक गाणं नीट यायला दहा वर्षं लागली तरी कोणी काही म्हणत नाही. आणि तो माणसांमधे वाढला असेल तर हिशोब आणखी वेगळा, बरोबरीचे मित्र मोठे झाले, बाप झाले, गेले, मग त्यांच्या पोरांबरोबर हा पुन्हा गोट्या खेळला. अशा एल्फला एक बॅकग्राउंड पुरत नाही. डीएमला सांगून दोन घरं लिहा, स्किल आणि बोनस एकाच घराचे घ्या, दुसऱ्या घराची फक्त भाषा आणि दोन-तीन माणसांची नावं, त्यातलं निदान एक अजून जिवंत असलेलं.